तुम्ही विचारलंत म्हणून: एक्सएमएल की जेसन, नक्की शिकायचं काय?

लातूर, नांदेडकडची इंजिनिअरिंगची पोरं भेटली की हा प्रश्न ठरलेलाच असतो. सर, एक्सएमएल संपलं म्हणतात, मग डायरेक्ट जेसनच करू का, का ग्राफक्यूएल, का प्रोटोबफ, दर दोन वर्षाला नवीन काहीतरी येतंय, कशाच्या मागं लागू? उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून लिहितोय.

एक्सएमएल आणि जेसन म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडं डेटा पाठवताना तो मांडायचे फॉरमॅट, प्रोटोबफ त्यातलंच, आणि ग्राफक्यूएल ही सर्व्हरकडं डेटा मागायची भाषा. असला फॉरमॅट शिकायला लई वेळ लागत नाही. आपला डेटा त्यातून जाताना काय हरवतं, काय बदलतं, हे कळायला वेळ लागतो. जोर तिथं लावा.

एक्सएमएल १.० हे १९९८ ला स्टँडर्ड झालं. तेव्हा सर्व्हर अख्खं पान बनवून पाठवायचा, आणि एक्सएमएल जास्त करून दोन सिस्टिमच्या आपसातल्या देवाणघेवाणीला लागायचं, म्हणजे कडक नियम, आधी स्कीमा (कुठं काय येणार याचा लेखी आराखडा), मग डेटा. मग ब्राउझरच पान न बदलता मागच्या मागं डेटा मागायला लागला, २००५ ला त्या पद्धतीला अजॅक्स हे नाव पडलं, त्यातला एक्स एक्सएमएलचाच, पण काही वर्षांत आतून जायला लागलं जेसन. कारण सरळ आहे. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालते आणि डग्लस क्रॉकफर्डनं जेसन काढलं तेच जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्ट (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा गठ्ठा) लिहायच्या पद्धतीतून. एक्सएमएल आलं की टॅग (कोनी कंसातल्या खुणा) धुंडाळत बसा, जेसन पार्स केलं, म्हणजे वाचून उलगडलं, की ऑब्जेक्ट हातात.

पण या सुटसुटीतपणात एक गोष्ट सुटली. कुठल्या फील्डमध्ये काय येणार हा करार फाईलजवळ राहिला नाही, तो डेव्हलपरच्या डोक्यात गेला, आणि तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला की करार पण गेला. म्हणून तर आता हा करार लिहून ठेवायला जेसन स्कीमा, ओपनएपीआय, टाइपस्क्रिप्ट हे सगळं आलंय, ग्राफक्यूएल आणि प्रोटोबफमध्ये तर स्कीमा लिहिल्याशिवाय पुढंच जाता येत नाही. मला हे मनापासून बरं वाटतं, करार आधी लिहिलेलाच पाहिजे.

आता आपल्याकडचंच घ्या. मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी ॲप करताय, शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, ओलावा, बँकेचा खाते नंबर. खाते नंबर नंबर म्हणून पाठवला की गोंधळ सुरू. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक बिनचूक राहतीलच असं नाही, शेवटचा आकडा गुपचूप बदलतो, कुठलीही एरर येत नाही. नंबर शून्यानं सुरू होत असेल तर जेसन तो नंबर म्हणून घेतच नाही, आणि तीच यादी सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाईल) करून एक्सेलमध्ये उघडली की पुढची शून्यं गायब. सोयाबीनचे पैसे ज्याच्या खात्यात यायचेत त्याच्यासाठी ही बारीक गोष्ट नाही हो. ज्याची बेरीज कधीच करणार नाही तो आकडा स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर म्हणून ठेवा, मोबाईल नंबर, पिनकोड, आधार, सगळंच.

तारखेचं तसंच. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही. आपण ०५/०६/२०२४ म्हणजे पाच जून लिहितो, जावास्क्रिप्ट ती सहा मे वाचते. २०२४-०६-०५ असं लिहा, विषय संपला. पैशाचा हिशोब पूर्णांक पैशात ठेवा, रुपयात दशांश नको. आणि मराठी नावं? फाईल यूटीएफ-८ मध्येच ठेवा (युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरवलेले आकडे, साठवायची ही पद्धत), २०१७ च्या जेसन स्टँडर्डनं दोन सिस्टिममधल्या देवाणघेवाणीला तेच सक्तीचं केलंय. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या याद्या आल्या तर त्या आधी युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर स्क्रीनवर नावाच्या जागी नुसता कचरा दिसतो.

एक्सएमएल मेलंय म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की आधारचं ऑफलाईन ई-केवायसी (ओळख पटवायची फाईल) डिजिटल सही केलेल्या एक्सएमएलमध्येच मिळतं आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा घालायलाही ते चालतं. तिकडं जीएसटीच्या ऑफलाईन टूलमधून जेसन फाईल निघते, त्यामुळं तालुक्याच्या टॅक्सवाल्यालाही जेसन हा शब्द पाठ झालाय. म्हणजे जेसन पक्कं करा, एक्सएमएल वाचता येऊ द्या, बाकीचं काम पडलं की शिका.

आणि पुढचा प्रोजेक्ट घ्याल तेव्हा कोड लिहायच्या आधी मोंढ्यातली एक खरी पट्टी (माल विकल्याच्या हिशोबाचा कागद) समोर ठेवा, एकेक रकाना जेसनमध्ये मांडा आणि फ्रंटएंड, म्हणजे ॲपचा दिसणारा भाग, करणाऱ्या मित्राला वाचायला द्या. ओलाव्याच्या रकान्यापाशी जरा थांबा. तिथं शून्य आलं, नल (किंमत नाही असं सांगणारी खूण) आलं किंवा ती की (रकान्याचं नाव) आलीच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सोयाबीन शून्य टक्के ओलाव्याचं नसतं, म्हणजे तिथं मोजलंच नाही असं असणार, आणि हमीभावाच्या खरेदीला साधारण १२ टक्क्यांची अट असते, तर न मोजलेला माल तुमच्या ॲपनं शून्य धरून पास करायचा का थांबवायचा, हे आधी ठरवून लिहून ठेवा.