एका नळीतला पुसटसा गढूळपणा

आज दिवसभर डोक्यात एकच जीव घोळतोय: प्रोमिथिओआर्किअम, समुद्रतळाच्या गाळातला एक सूक्ष्मजीव. घरचं विरजण रात्रीत लागतं. याला एकाचे दोन व्हायलाच १४ ते २५ दिवस लागतात. त्याआधी महिना-दोन महिने हालचालच नाही.

२००६ साली जपानजवळच्या नानकाई सागरी दरीतून, २,५३३ मीटर खोलीवरून गाळ वर काढला. हिरोयुकी इमाची या जपानी संशोधकाच्या गटानं तो स्पंजाच्या तुकड्यांवर, ऑक्सिजन वगळून, मिथेन सोडत २,००० हून जास्त दिवस सांभाळला. मग छोट्या काचनळ्या, २० अंश सेल्सिअस, खाद्य म्हणून अमिनो आम्लं आणि वर चार प्रतिजैविकं. ती हवीतच, नाहीतर झपाट्यानं वाढणारे जिवाणू सगळं फस्त करतात. वर्षभरानं एका नळीत पुसटसा गढूळपणा दिसला, आणि त्यात हा जीव!

हा एकटा वाढत नाही. त्यानं सोडलेला हायड्रोजन साचला की त्याचंच पचन अडतं. तो उचलायला शेजारी मिथेन बनवणारा जीव लागतो. पेशी जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची, पण अंगाला फांद्या फुटलेले लांब हात. आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींचा हा जवळचा नातलग. अशाच हातांच्या कवेत आलेला एखादा जिवाणू पुढे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, झाला असावा, असं या गटाचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं. ते लांब हात डोळ्यांसमोरून हलतच नाहीत.