शिळ्या पिदेचा रविवार

मेलबर्नच्या कोबर्ग भागात, सिडनी रोडवरच्या एका तुर्की कॅफेत मी स्वयंपाकघर सांभाळते. रोज सकाळी साडेसहाला पावाची गाडी येते. त्या रविवारी आलीच नाही. बेकरीची भट्टी रात्रीच बंद पडली होती. आठला दार उघडायचं आणि हाताशी शनिवारच्या पावसामुळे उरलेले बावीस पाव.

इथे ज्याला टर्किश ब्रेड म्हणतात तो पिदे. लांबट, चपटा, बोटांनी दाबून खळ्या पाडलेला, वर तीळ आणि कलौंजी. १९६७ साली ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तानचा करार झाला, कामगार कुटुंबं इथे आली आणि त्यांच्यामागोमाग पिदेही रुजला. ताजा असताना कापसासारखा. दुसऱ्या दिवशी चिवट.

मी फळ्यावरची पदार्थांची नावं पुसायला लागले, तर मालकीणबाईंनी हात धरला. त्यांना आम्ही सगळे आब्ला म्हणतो, म्हणजे ताई. "जानम, आमच्यात पाव टाकत नाहीत. रस्त्यात तुकडा दिसला तर उचलायचा, ओठांना नि कपाळाला लावायचा आणि उंचावर ठेवायचा." ताटाबाहेर पडलेलं शीतही वाया न घालवणारी माझी आजी मला आठवली.

मग आब्लांनी बाह्या सारल्या. काही पावांवर पाण्याचा हबका मारून ते कडक तापलेल्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवले. शिळेपणा म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. पावातला स्टार्च आवळतो आणि गरम झाला की पुन्हा सैलावतो. पण निवला की आणखी कडक. म्हणून ऑर्डर आल्यावरच पाव आत टाकायचा. हा गेला मेनेमेनबरोबर, म्हणजे टोमॅटो, हिरवी मिरची आणि जेमतेम जमलेली अंडी. ते पावानेच पुसून खायचं.

काही कापांना लोणी लावून तव्यावर खरपूस केलं, चिल्बरसाठी. लसणाचं दही, त्यावर उकळत्या पाण्यात फोडून सोडलेलं अंडं, वर लोण्यात परतलेली लाल मिरचीची भरड. दही फ्रिजमधलं नको, नाहीतर अंडं गारठतं. हे मला त्या दिवशीच कळलं.

खरी कमाल दुपारची. बुर्सा शहराचा पिदेली कोफ्ते. पावाचे चौकोनी तुकडे भाजायचे, त्यावर थोडं गरम मटणाचं पाणी, टोमॅटोचा रस्सा, कोफ्ते, कडेला दही आणि शेवटी टेबलापाशी चुरचुरतं लोणी ओतायचं. ताज्या पावाचा इथे लगदा होतो. शिळा पाव रस पिऊनही दाताखाली जाणवतो. दुसऱ्यांदा मागणारे इतके निघाले की अडीचला कोफ्ते संपले. एक म्हातारे गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन म्हणाले, "एलिनिझे साल्क." तुमच्या हातांना आरोग्य लाभो.

तीन वाजता आम्ही जेवायला बसलो तेव्हा दीड पाव आणि बराच चुरा उरला होता. मी मोहरी, कढीपत्ता, कांदा, हळद घालून कुस्करा केला, आई शिळ्या पोळीचा करते तसा. वर लिंबू पिळलं. आब्लांनी एक घास घेतला, काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या घासाला उठल्या आणि लसणाच्या दह्याचं भांडं घेऊन आल्या.