आमची वाटचाल : आठ माणसं आणि डिंगलची एक संध्याकाळ

डिंगल हे आयर्लंडच्या नैऋत्य टोकाचं, केरी काउंटीतलं छोटं बंदर. वस्ती दोन हजारांच्या आतच. एवढ्याशा गावात जुने पब मात्र इतके, की उन्हाळ्यात येणारे पाहुणे एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतात आणि सकाळी त्यांना एकही पब धड आठवत नाही. पाहुण्यांना गावात आणि पबमध्ये फिरवण्याचा आमचा व्यवसाय याच्या उलट वाटेने चालतो. आठ माणसं, एक संध्याकाळ, एक नीट जेवण आणि दोनच पब.

सुरुवात ओळखीपाळखीतून झाली. माझा नवरा इथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होता आणि मी गेस्ट हाउसच्या रिसेप्शनवर. बँक हॉलिडेला डब्लिनहून मराठी मंडळी गाडी काढून यायची आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असायचे : मुलांना पबमध्ये नेता येतं का? शाकाहारी काय मिळेल? गाणंबजावणं कुठे ऐकायला मिळेल? उत्तरं देता देता आम्ही त्यांच्याबरोबर निघू लागलो. पुढे इतर देशांचे पाहुणेही विचारायला लागले, तेव्हा रीतसर फर्म नोंदवली.

मुलांचं उत्तर सोपं आहे. आईवडील सोबत असतील तर रात्री नऊपर्यंत मुलं पबमध्ये बसू शकतात, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. म्हणून आमची फेरी संध्याकाळी लवकर निघते. इथला पब हा फक्त पिणाऱ्यांचा अड्डा नाही, हे मुलं शेजारी बसून लिंबू सरबत पीत असली की पाहुण्यांना आपोआप कळतं.

डिंगलचे जुने पब मुळात दुकानं होती, आणि हेच मला सगळ्यात जास्त आवडतं. गावात एकाच छपराखाली किराणा, खिळे, चामडं आणि स्टाउट म्हणजे इथली काळी बिअर मिळायची. ग्रीन स्ट्रीटवरचा डिक मॅक्स १८९९ पासूनचा. आत शिरलं की एका बाजूला दारूचं काउंटर आणि दुसऱ्या बाजूला चांभारकामाचं, कातड्याच्या पट्ट्यांचं. समोर चर्च. मेन स्ट्रीटवरच्या फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला हातोड्या, रंगाचे डबे आणि खिळे, दुसऱ्या बाजूला बार. करन्समध्ये जुन्या फळ्यांवर कपडे आणि गमबूट. पर्यटकांसाठी केलेली ही सजावट नाही. गावाने आपला जुना बाजार मोडला नाही, एवढंच.

काही पबांत दाराजवळ लाकडी आडोशाची चिमुकली खोली असते, तिला स्नग म्हणतात. बायकांनी पबमध्ये उघड बसणं गावाला रुचत नसे त्या काळी त्या तिथे बसत आणि छोट्या खिडकीतून आपला ग्लास घेत. आमच्या गटातल्या बायकांना मी आवर्जून आधी तिथे बसवते आणि मगच ही गोष्ट सांगते.

स्टाउट दोन टप्प्यांत भरतात. आधी पाऊण ग्लास, मग दोनेक मिनिटं तसाच ठेवून वरचा भाग. अनोळखी माणूस पहिल्या टप्प्यालाच ग्लासला हात घालतो. ते आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण वाट बघणं हा त्या पेयाचाच भाग आहे. शाकाहारी पाहुण्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. गिनेस ही इथली प्रसिद्ध स्टाउट निवळण्यासाठी पूर्वी माशाच्या वायुपिशवीपासून काढलेला पदार्थ वापरत. २०१७ च्या सुमाराला तो बंद झाला.

जेवणाची आखणी नवऱ्याची. जुन्या पबांपैकी बऱ्याच ठिकाणी किचनच नाही, त्यामुळे आधी बंदराजवळ जेवायचं आणि मग पब गाठायचा. सीफूड चाउडर म्हणजे मासे, शिंपल्या, बटाटे आणि साय घातलेलं दाट सूप, सोबत ताकात भिजवलेल्या पिठाचा, सोडा घालून फुगवलेला ब्राउन ब्रेड आणि केरीचं लोणी. यीस्ट नाही, मळणं नाही, पण गरम असताना त्याच्यासारखं काही नाही. लसणाच्या लोण्यात परतलेल्या खेकड्याच्या नांग्या कोकणातल्या माणसाला लगेच आपल्याशा वाटतात. उन्हाळ्यात मॅकरेल येतो. तो बांगड्याचा भाऊबंद, चवीला जरा अधिक तेलकट. मटणप्रेमींसाठी डिंगल पाय (pie), म्हणजे जत्रेला आणि होडीवर न्यायला करत ती बोकडाऐवजी मेंढीच्या मटणाची, कणकेच्या पारीतली पाय. शाकाहाऱ्यांना भाज्यांचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं, पण ते कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेलं नाही ना, हे आम्ही आदल्या दिवशी फोन करून विचारतो. शेवट मर्फीजच्या आइस्क्रीमने. ते २००० साली इथेच सुरू झालं. त्यांच्या समुद्री मिठाच्या आइस्क्रीमचं मीठ डिंगलच्याच समुद्राचं पाणी आटवून काढतात, आणि दूध केरी या दुर्मिळ देशी गायींचं.

२०२० च्या कोविडने आम्हाला हलवलं. १५ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेच्या दोन दिवस आधी, देशभरातले पब बंद झाले. जूनअखेर उघडायची परवानगी आली ती जेवण देणाऱ्यांनाच, तीही गिऱ्हाइकाने किमान नऊ युरोंचं खाणं घेतलं तर. म्हणजे किचन नसलेले जुने पब अडकलेच. सप्टेंबरात जेमतेम काही आठवडे उघडले आणि परत कुलूप लागलं. आत बसायला मोकळीक मिळाली ती थेट २०२१ च्या जुलैअखेर. त्याच काळात, २०२० च्या ऑक्टोबरात, १९८३ पासून खाडीत राहणारा, होड्या भरभरून माणसं खेचणारा फंगी डॉल्फिन दिसेनासा झाला. गावात बरेच जण हवालदिल होते. आम्ही त्या दिवसांत बंदर, मासळीचा धक्का आणि बाजार अशी उघड्यावरची फेरी बसवली. तीच आज आमच्या संध्याकाळचा पहिला तास आहे.

हवामान चांगलं असलं तर अ‍ॅनास्कॉल या जवळच्या गावापर्यंतही नेतो. तिथला साउथ पोल इन हा टॉम क्रीनचा पब. हा माणूस स्कॉट आणि शॅकल्टन या ध्रुवसंशोधकांबरोबर तीनदा अंटार्क्टिकाला गेला, १९२० मध्ये नौदलातून निवृत्त झाला आणि मग आपल्या गावी बायकोसह हा पब चालवला. अंटार्क्टिकाबद्दल तो फारसं बोलत नसे. भिंतींवर फोटो आहेत, तेवढे पुरतात.

रात्री संगीत. फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची बासरी), इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप), बोध्रान (डफासारखं वाद्य). याला सेशन म्हणतात, मैफल नव्हे. वादक कोपऱ्यात एकमेकांकडे तोंड करून बसतात, धून सुरू झाली की बाकीचे सामील होतात. त्यांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही, धुनेच्या मध्ये मोठ्याने बोलायचं नाही, आणि फर्माइश तर नाहीच. आठाची मर्यादा इथूनच आली. पंधरा जण एकदम शिरले की वादकांची जागा जाते आणि नेहमीचा गावकरी दारातून परत फिरतो. ज्याच्यामुळे तो पब आहे तोच बाहेर, हे आम्हाला पटत नाही. मोठ्या बस कंपन्यांकडून विचारणा येते, चांगले पैसेही देऊ करतात. आम्ही नकार देतो आणि तो नकार आम्हाला परवडावा म्हणून हिवाळ्यातही फेऱ्या ठेवतो. २६ डिसेंबरचा रेन डे (Wren, म्हणजे एका चिमुकल्या पक्ष्याच्या नावाचा सण), गवताच्या पेंढ्यांचे पोशाख आणि ढोल-बासऱ्यांच्या मिरवणुका बघायला लोक येऊ लागलेत, हे त्यातलं समाधान.

गॉलवे आणि किन्सेलमध्येही असंच सुरू करा, असं बरेच जण सुचवतात. गावं सुंदर आहेत, पब जुने आहेत. पण तिथल्या कोणत्या कोपऱ्यात मंगळवारी कोण बसतं हे आम्हाला माहीत नाही, आणि ते माहीत व्हायला तिथे राहावं लागेल. त्यामुळे येत्या हंगामातही फेरी डिंगलचीच, संध्याकाळी पाच वाजता, धक्क्यावरून.