आईच्या रिपोर्टमधलं ‘ईएसबीएल’

लघवीचं इन्फेक्शन आईला नवीन नाही. या वेळी मात्र सेफिक्झिमच्या गोळ्या चालू असूनही ताप हटेना, वर हुडहुडी आणि कुशीत दुखणं. डॉक्टरांनी कल्चर करायला सांगितलं. त्याला वेळ लागतोच. आधी जंतू वाढायला हवेत, मग त्यांच्यावर औषधं लावून बघायची. रिपोर्ट आला: ई. कोलाय हा जंतू, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम तो बनवतो. सेफिक्झिम, सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सगळ्यांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू दाद देत नाही. एर्टापेनेम आणि मेरोपेनेमपुढे ‘एस’, म्हणजे ही लागू पडतील.

लॅबमधल्या मॅडमना विचारलं, तर त्यांनी थेट प्लेटच दाखवली. जंतूंचा पांढरट थर, त्यावर कागदाच्या बारक्या चकत्या. सेफोटॅक्झिमच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले. पलीकडे तेच औषध, पण क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड घातलेलं. त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ मोकळा गोल. दोन्ही गोलांच्या व्यासात ५ मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला की ईएसबीएल धरतात.

सेफोटॅक्झिमसारख्या औषधांच्या रेणूत चार अणूंचं ताणलेलं कडं असतं. त्याच्या जोरावर औषध जंतूची भिंत बांधणारी प्रथिनं बंद पाडतं. जंतूचं एन्झाइम, म्हणजे बीटा-लॅक्टमेझ, ते कडंच फोडतं आणि स्वतः शाबूत राहून पुढच्या रेणूकडे वळतं. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड त्या एन्झाइमलाच अडकवतं. हे काही आजचं नाही. पेनिसिलिन सर्रास मिळू लागण्याच्या आधीच, १९४० मध्ये, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांना ई. कोलायमध्ये असं एन्झाइम सापडलं होतं.

मग मी डॉक्टरांना विचारलंच, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडवाली गोळी का नको? ते म्हणाले, प्लेटवर जमलं म्हणून किडनीपर्यंत गेलेल्या इन्फेक्शनमध्ये त्यावर विसंबता येत नाही. एर्टापेनेमचं कडं हे एन्झाइम सहसा फोडू शकत नाही. एनडीएम नावाचं दुसरं एन्झाइम असतं तर तेही फोडलं असतं, तेवढं आपलं नशीब.

किडनी कशी चालते ते कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघून एर्टापेनेम सुरू झालं, १ ग्रॅम, दिवसातून एकदा. अ‍ॅडमिट न होता जवळच्या दवाखान्यात रोज अर्धा तास सलाईन. हे औषध ग्लुकोजमध्ये मिसळत नाहीत, म्हणून सिस्टर बाटलीवरचं लेबल दोनदा वाचायच्या. “मावशी, हात सैल सोडा,” म्हणत शीर शोधायच्या. आईचे दोन्ही हात काळेनिळे. ताप उतरला तशी तिची जेवणाबद्दल कुरकुर सुरू झाली, तेव्हा मला हायसं वाटलं.

कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर करू का, विचारलं. नको म्हणाले. त्रास नसताना लघवीत जंतू दिसले तरी तिच्या बाबतीत औषध द्यायचं नाही. मात्र पुन्हा ताप आला, तर गोळी घ्यायच्या आधी नमुना द्यायचा आणि हा रिपोर्ट सोबत न्यायचा. आईला ते अजून पटलेलं नाही.