एअर रायफलची ग्रिप आणि स्क्रूंची डबी

शेवटी मुलीच्या एअर रायफलची ग्रिप बदललीच. आधीची मीडियम साईझची, हात वाढला तसं बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ बसेना, बाजूनं दाब पडायचा आणि टार्गेटवरचा 10 चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, मग शॉट जाणारच ना एका बाजूला. काम तसं सोपंय, रायफल रिकामी आहे ना ते बघायचं (रोजचंच, तरी बघायचं), खालून अ‍ॅलन बोल्ट सोडवायचा, नवी ग्रिप हलकीच कसायची, तिला पोझिशन घ्यायला लावायची आणि कोन जमला की मगच टाईट. लाकूड तळव्याला टोचतं तिथं बारीक पॉलिश पेपर.

खरी डोकेदुखी बारीक पार्ट्सची. ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) ती काय किमतीची, पण रायफलचा हवेचा सिलिंडर हवा धरेना झाला तर मॅचच्या दिवशी बालेवाडीच्या रेंजवर कुणाकडं मागत फिरणार? म्हणून औषधाच्या गोळ्यांची कप्पेवाली डबी किटमध्ये टाकलीय, त्यात ओ-रिंगा, डायॉप्टरचे (डोळ्याजवळच्या मागच्या साईटचे) स्क्रू, अ‍ॅलन की, सिलिकॉन ग्रीस. घरातलं मशीनचं तेल सीलला अजिबात नाही लावायचं हां, 200 बारच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. फ्रंट साईटची (नळीच्या टोकाशी नेम धरायची) रिंग पण एक जास्तीची घेतलीय, कार्पेटवर पडली की सापडतच नाही ती.