पोझिंगची वही: आधी पाय, हात शेवटी

या सीझनला जिल्ह्याच्या ‘श्री’ शरीरसौष्ठव स्पर्धेत 65 किलो गटात उतरायचं ठरलंय. डाएट, वजन, कार्डिओ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. ही वही फक्त पोझिंगची, म्हणजे स्टेजवर स्नायू आवळून अंग दाखवण्याची. गणपतीपासून आमच्या व्यायामशाळेतल्या दादांकडे शिकतोय. दादा स्वतः बरीच वर्षं स्टेजवर उतरलेत, आता पंच म्हणून जातात. समोरच्या टेबलावरून नेमकं काय दिसतं हे सांगणारा माणूस मिळणं किती मोलाचं आहे, ते जे उतरणार आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला दादांनी हात वर करूच दिले नाहीत. नुसतं उभं राहायचं. टाचा जवळ, चवडे थोडे बाहेर, गुडघे किंचित मोकळे, आणि दोन्ही पायांनी फरशी बाहेरच्या बाजूला ढकलायची. पाय जागचे हलत नाहीत, पण मांडीच्या बाहेरचा फुगवटा लगेच उठून येतो. गुडघा ताठ लॉक केला तर हे होत नाही, मांडी सपाट दिसते. एवढी एकच गोष्ट जमेपर्यंत पुढे जायचं नाही, असा दादांचा नियम होता आणि मला तो शंभर टक्के पटलाय.

“फ्रंट डबल बायसेप्स म्हटलं की सगळे आधी हात उचलतात,” दादा म्हणाले. “तू पाय लाव. मग मांडी आवळ. मग पोट. मग छाती उघड. हात सगळ्यात शेवटी. पंच दंड बघणारच आहे रे, पण त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत सगळं बघतो.”

नियमही तेच सांगतात. प्रत्येक सक्तीच्या पोझमध्ये पंचांना संपूर्ण शरीर तपासायचं असतं. शरीरसौष्ठवाच्या मुख्य गटात या पोझेस सात: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड (लॅट्स म्हणजे काखेखालून कमरेकडे जाणारे पाठीचे रुंद स्नायू), साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि अ‍ॅब्डॉमिनल अँड थाय. काही संघटना त्यात मोस्ट मस्क्युलर, म्हणजे वरचं सगळं अंग एकदम आवळायची पोझ, धरतात. मेन्स फिजिक या दुसऱ्या प्रकारातल्यांचं गणित वेगळं. तिथे गट उंचीवरून पडतात, अंगावर बोर्ड शॉर्ट्स असते, दंड फुगवून दाखवायच्या पोझेस चालत नाहीत. पण तिथेही पुढून, बाजूनं, पाठीमागून उभं राहणं हाच सगळा खेळ आहे, त्यामुळे पायांपासून सुरुवात करणं त्यांच्याही उपयोगाचं आहे.

लॅट स्प्रेडवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. अंगठे कमरेवर टेकवून कोपरं पुढे ढकलली की लॅट्स उघडतात असं वाटतं, पण तसं नसतं. आधी पाठीवरची पाती एकमेकींपासून लांब सरकवायची असतात, कोपरं त्यांच्या मागून येतात. खांदे कानाकडे चढले की ट्रॅप्स, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू, वर येतात, मान दिसेनाशी होते आणि लॅट्स मिटून जातात. यावर दादांनी दिलेला उपाय साधा आहे: सिंगलबारला नुसतं लटकायचं, खांदे खाली ओढायचे, मग पाती बाहेर सोडायची. खाली उतरल्यावर तीच जाणीव ताजी असताना लगेच पोझ मारायची. दिवाळीच्या सुमारास फ्रंट लॅट स्प्रेड जमला. बॅक लॅट स्प्रेडला अजून वेळ आहे. डावी बाजू उजवीपेक्षा उशिरा उघडते, व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं.

आता बॅक डबल बायसेप्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते लहान गटांत स्पर्धा याच पोझवर फिरते. पुढून पहिले पाच-सहा जण सारखेच कापीव दिसतात. पाठ वळली की कोणी किती मेहनत घेतलीय ते उघड होतं. ही पोझ टाचेपासून बांधायची. एक पाय मागे घेऊन चवड्यावर ठेवायचा, टाच उचलायची आणि चवडा जमिनीत दाबायचा, म्हणजे पोटरी दोन भागांत फुटलेली दिसते. गुडघा वाकलेला ठेवून चवडा जागच्या जागी मागे ओढल्यासारखा ताण द्यायचा, म्हणजे मांडीचा मागचा भाग उठतो. मग पार्श्वभाग आवळायचा. इथपर्यंत हात खालीच. त्यानंतर हात खांद्याच्या रेषेत वर, कोपरं जराशी पुढे, आणि शेवटी कमरेच्या वरून अंग थोडं मागे, म्हणजे पंचांच्या दिशेनं कलवायचं. पंच स्टेजच्या खाली बसलेले असतात. सरळ उभं राहिलात तर त्यांना वरची पाठ पूर्ण दिसत नाही. कललात तर खांद्यापासून कमरेपर्यंतचा सगळा नकाशा त्यांच्यासमोर येतो. मात्र जास्त कललात तर कमरेपाशी वळ्या पडतात. हा अंदाज यावा म्हणून दादा खुर्ची लांब ठेवून त्यावर बसतात आणि मी बाकावर उभा राहतो.

याच पोझमध्ये मांडीच्या मागे गोळा येतो. स्पर्धेच्या दिवशी अंगात पाणी आणि मीठ कमी असतं तेव्हा तो जास्तच येतो. म्हणून आम्ही पायांच्या वर्कआउटनंतर, मांड्या थकलेल्या असताना मुद्दाम हीच पोझ धरतो. थकलेल्या पायांवर जी पोझ टिकते, तीच स्टेजवर टिकेल असा भरवसा वाटतो.

थरथर हा बऱ्याच जणांचा प्रश्न. स्नायू आवळून धरला की आतला दाब वाढतो, रक्ताचा पुरवठा कमी पडतो, जळजळ सुरू होते आणि मग अंग कापायला लागतं. त्यात श्वास रोखला की चेहरा लाल, मानेच्या शिरा वर, आणि रक्तदाब चढतो तो वेगळाच. उपाय एकच आहे: पूर्ण ताणात असताना छातीच्या वरच्या भागातून छोटे छोटे श्वास घेत राहायचं. दादा मला पोझमध्ये असताना बोलायला लावतात. आज काय खाल्लंस, घरी कोण कोण आहे, काहीही विचारतात. उत्तर देता आलं म्हणजे श्वास चालू आहे. हा सराव खरोखर लागू पडतो, करून बघा.

अ‍ॅब्डॉमिनल अँड थायमध्ये मात्र श्वास पूर्ण सोडायचा. हात डोक्यामागे, एक पाय पुढे, हवा बाहेर टाकत बरगड्या खाली आणायच्या. त्याच्या शेजारीच व्हॅक्यूम, म्हणजे पोट पूर्ण आत खेचून धरणं, शिकतोय. कमी वजनाच्या अमेरिकन फ्रँक झेननं 1977, 1978 आणि 1979 असं सलग तीनदा मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठवातली सगळ्यात मानाची स्पर्धा जिंकली, आणि त्याचे व्हॅक्यूममधले फोटो बघितले की कमी वजनाच्या माणसाला किती बळ येतं ते आपल्यासारख्यांनाच कळेल. सकाळी उपाशीपोटी, गुडघ्यांवर हात टेकून, सगळी हवा सोडून पोट आत खेचायचं. ओणवं जमतंय, ताठ उभं राहून थोडं थोडं जमायला लागलंय. उंचीनं कमी असलेल्यांनी आपले मनोहर आईचही डोळ्यांसमोर ठेवावेत. चार फूट अकरा इंच उंची, आणि 1952 साली मिस्टर युनिव्हर्समध्ये आपल्या गटात पहिले.

साइड चेस्टबद्दल एकच छोटी गोष्ट सांगतो, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. या पोझमध्ये मागच्या हातानं पुढच्या हाताचं मनगट पकडायचं असतं. व्यायामशाळेत हे सहज होतं. पण स्टेजवर अंगाला टॅन, म्हणजे गडद रंग, आणि वर तेलाचा पातळ हात असतो, त्यामुळे मनगट सटकतं, आणि पकड सावरताना छाती सैल पडते. म्हणून आता खोबरेल लावून सराव करतो. मनगटाच्या हाडाच्या किंचित वर पकडलं की सटकत नाही. साइड ट्रायसेप्सलाही हीच पकड पाठीमागे लागते, तिथे तर दिसतही नाही, सगळं स्पर्शावर.

महिनाभरापासून आरसा बंद आहे. आरशावर चादर टाकतो आणि मोबाइल बाकाच्या उंचीच्याही खाली, पंचांच्या नजरेच्या पातळीला ठेवतो. आरसा आपल्याला मान वळवायला लावतो, आणि मान वळली की पाठीची ठेवण बदलते. स्टेजवर आरसा नसतोच. पोझ आतूनच कळायला हवी. आधी डोळे मिटून पोझ लावायची, मग व्हिडिओ बघायचा, असं चाललंय.

आणि ज्याला सगळे ‘रिलॅक्स’ म्हणतात, ते उभं राहणं. रांगेत आपला नंबर पुकारेपर्यंत, क्वार्टर टर्नच्या (पाव-पाव वळून चारही बाजू दाखवण्याच्या) मधे, शेजाऱ्याची तुलना चालू असताना. लॅट्स अर्धे उघडे, मांड्या जाग्या, पोट आत, चेहरा शांत. पंचाची नजर कधी आपल्याकडे वळेल सांगता येत नाही. तुलनेसाठी मधे बोलावलं की हे बराच वेळ चालतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ज्याचं पोट सुटतं तो खाली सरकतो. मी तर म्हणेन, ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी मोस्ट मस्क्युलरचा सराव निम्म्यावर आणावा आणि तो वेळ या उभं राहण्याला द्यावा. आमच्याकडे रविवारी चार-पाच जण रांगेत उभे राहतो आणि दादा मनाला येईल त्या क्रमानं पुकारतात. एकट्यानं करण्यापेक्षा यात खूप फरक पडतो. शेजारी कोणी उभं असलं की आपलं अंग कसं आक्रसतं हे तिथेच कळतं.

अंतिम फेरीसाठीची साठ सेकंदांची रूटीन आता हातात घेतलीय. गाण्याऐवजी हलगी घ्यायचं ठरवलंय. हलगीचा ठेका सुरुवातीला संथ असतो, त्यावर साइड चेस्टमधून वळून व्हॅक्यूम येतो. लय चढली की बॅक डबल बायसेप्स. पोझेस बसल्यात, मधली वळणं अजून तुटक आहेत. एका पोझमधून दुसरीत जाताना पाय आधी वळायला हवा, आणि घाईत माझं अंग खांद्यापासून वळतं. पुढच्या नोंदीपर्यंत रोज फक्त ही वळणं करणार आहे, अर्ध्या वेगानं, हलगीशिवाय. ज्यांनी ठेक्यावर रूटीन बसवलीय त्यांनी वळणं आधी मोजून बसवली की ऐकून, तेवढं नक्की सांगा.