तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं विमान कशाला?

हेच विमान तळहातावर मावेल एवढंही मिळतं, मग एवढं मोठं कशाला? लढाऊ विमानांची प्लास्टिकची मॉडेलं १/३२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढी, करणाऱ्या कुणालाच हा प्रश्न चुकत नाही. मलाही तो इतके जण विचारतात की एकदा नीट बसून उत्तर लिहावं असं वाटलं. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: कॉकपिटच्या आत एवढं बारीक रंगकाम केलंत, पण धडाचे दोन भाग जोडले की त्यातलं दिसणार किती?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. लहान मॉडेलमध्ये विमानाचा आकार कळतो. मोठ्या मॉडेलमध्ये त्या विमानात माणूस कसा बसत होता, त्याचा हात कुठवर पोचत होता, वेळ आलीच तर तो बाहेर कसा पडणार होता, हे कळतं. मला ओढ आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

आधी मापांचा हिशेब सांगतो. १/७२ हे माप इंच-फुटांतून आलं. त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीनं १९३६ साली प्लास्टिकची विमान-किटं काढली, तीही याच मापाची होती. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर. तो १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर होतो, १/३२ मध्ये ३५ आणि १/२४ मध्ये जवळजवळ ४७. पण फरक लांबीपुरता राहत नाही. १/७२ वरून १/३२ वर आलं की लांबी सव्वादोन पट होते, पृष्ठभाग पाचपट होतो आणि आतली पोकळी अकरा पटींहून जास्त वाढते. सगळं काम त्या पोकळीत आहे.

स्पिटफायरचंच कॉकपिट घ्या. त्यात रडरची, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवायची, पेडलं दुमजली असतात, एक पायरी खाली आणि एक वर. शत्रू मागे लागला की पायलट विमान कचकन वळवायचा, तेव्हा शरीरातलं रक्त पायांकडे ओढलं जाऊन डोळ्यांवर अंधारी यायची. पाय वरच्या पायरीवर घेतले की ती अंधारी जरा उशिरा यायची. लहान मापात ही पेडलं म्हणजे प्लास्टिकचा एक ठिपका असतो, कधी कधी तोही नसतो. १/३२ मध्ये दोन्ही पायऱ्या वेगळ्या दिसतात, आणि बुटांनी घासून रंग उडालेल्या कडा बारीक ब्रशनं दाखवता येतात. डाव्या हाताच्या छोट्या दाराला आतून एक पहार अडकवलेली असते. डोक्यावरची काच अडकून बसली तर ती फोडायला. समोर उपकरणांचा फळा, आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे पायलट आणि इंजिन यांच्या मधोमध, पेट्रोलच्या टाक्या. सुरुवातीच्या खऱ्या स्पिटफायरांत या टाक्यांत मिळून ८५ गॅलन, म्हणजे सुमारे ३८५ लिटर पेट्रोल मावायचं. काही किटांत हा टाकीचा भाग सुटा येतो. तो चिकटवताना पायलटच्या गुडघ्यांपासून तो किती जवळ आहे ते आपल्याच बोटांना कळतं. कितीही वाचलं तरी मला ते अंतर तसं कळलं नव्हतं.

त्या फळ्यावरची एकेक तबकडी मी अशी करतो: आधी काळा रंग, मग डिकल, म्हणजे आकडे-काटे छापलेलं पातळ चित्र, ते पूर्ण सुकलं की टूथपिकच्या टोकानं चकचकीत व्हार्निशचा एक थेंब. थेंब आपोआप गोल पसरतो आणि काठाशी येऊन थांबतो. सुकल्यावर तबकडीला काच बसल्यासारखी दिसते. हे काम घाईनं होतच नाही. एका थेंबाला हवेचा बुडबुडा आला तर सुईनं टोचून तो घालवायचा आणि मगच पुढच्या तबकडीला हात लावायचा.

तर धड जोडल्यावर दिसणार किती? वरची काच उघडी ठेवली तर बरंच दिसतं, पेडलं जवळजवळ दिसत नाहीत. पण ती रंगवत असताना मी ती बघत असतो, आणि मी बसतो ते त्या बघण्यासाठी. शिवाय हे काम नंतर करता येत नाही. किटाचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, जोडायचा पातळ सिमेंट म्हणजे खरं तर गोंद नव्हे. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवतो आणि सुकल्यावर ते एकजीव होतं. धडाचे अर्धे भाग एकदा असे जोडले की आत जायची वाट बंद.

बाहेरचा पत्राही मोठ्या मापात बोलायला लागतो. स्पिटफायरच्या काळात पत्रे जोडायला सपाट डोक्याचे रिव्हेट बसवणं वेळखाऊ आणि खर्चाचं काम होतं. ते नक्की कुठे हवेत आणि कुठे साधे गोल डोक्याचे चालतील, हे ठरवण्यासाठी स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या माणसांनी विमानावरच्या सपाट रिव्हेटांवर चक्क वाटाण्याची डाळ चिकटवली आणि वेग मोजला. डाळ एकेका भागावरून काढत गेले तसं लक्षात आलं की पंखांच्या पुढच्या भागात सपाट रिव्हेटांना पर्याय नाही, धडाच्या मागच्या भागात मात्र गोल डोकी फारशी आड येत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते. १/३२ मध्ये हा फरक दाखवता येतो: शेपटीकडे बारीक उठलेले टिपके, पंखांवर जेमतेम जाणवणारे. १/७२ मध्ये तसे टिपके दाखवायला गेलं तर विमानाला गोवर आल्यासारखं दिसेल.

पी-५१ मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाची गोष्ट याच्या उलट. त्याच्या पंखावरून हवा गुळगुळीत वाहावी म्हणून पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच लांबी (पुट्टी) भरून, घासून, वर चंदेरी रंग मारून बुजवलेले असत. धड उघड्या पत्र्याचं असलं तरी पंख रंगवलेला असे. म्हणून चकचकीत मस्टँग करताना पंखाची चंदेरी छटा धडापेक्षा वेगळी, जरा मंद ठेवावी लागते. पुष्कळ किटांत मात्र पंखभर रिव्हेट कोरलेले असतात. ते आपण लांबी भरून, पॉलिश पेपरनं घासून बुजवायचे. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब उतरत जायचा, तशा मस्टँगची चाकं झाकणाऱ्या आतल्या बाजूच्या झडपा खाली लोंबायच्या आणि पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅपही उतरायचे. उभं विमान दाखवायचं असेल तर हे असंच हवं. अशा बारीकसारीक गोष्टींवर वाद घालणाऱ्यांना लोक किचकट म्हणतात. मला ते किचकट वाटत नाहीत. यंत्र तसं का वागतं हे ज्याला कळलंय, त्याला चुकीची झडप डोळ्यांत खुपणारच.

आता लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर विमान. माझं खरं उत्तर इथे आहे. १/३२ मध्ये त्याचे पंख ९७ सेंटिमीटर भरतात. आत माणसं सात. दोन्ही पंखांना जोडणारी मुख्य तुळई थेट धडाच्या आतून आडवी जाते. उड्डाणाचे जाडजूड कपडे घातलेल्या माणसाला ती अंधारात ओलांडून पुढे जायचं असे. शेपटीच्या टोकाला बसणाऱ्या गनरच्या खोपटात बहुतेक वेळा पॅराशूटलाही जागा नसे. ते बाहेर, धडात अडकवलेलं असायचं. म्हणजे आग लागली की आधी मागची दारं उघडायची, पॅराशूट हाताशी ओढायचं, ते अंगाला अडकवायचं आणि मग उडी. नाकाच्या तळाशी सुटकेची झडप होती, २२ इंच रुंद आणि साडेसव्वीस इंच लांब. या मापात ती साधारण पावणेदोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरहून जरा जास्त होते. मी पुठ्ठ्याला तेवढंच भोक पाडलं आणि पॅराशूट बांधलेला १/३२ चा माणूस, साडेपाच सेंटिमीटर उंचीचा, त्यातून जातो का ते पाहिलं. तो सरळ जात नाही. खांदे तिरके करावे लागतात. आणि हे टेबलावर, दिव्याखाली, कुणाला कसली घाई नसताना.

त्याच विमानाच्या पोटातला बॉम्बचा कप्पा ३३ फूट लांब आहे, १/३२ मध्ये ३१ सेंटिमीटर. तो उघडून दाखवला की खाली जळणारी शहरं आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि ती आठवायलाच हवीत. मी मात्र त्या लांबलचक कप्प्यावरून नजर काढून पुन्हा त्या झडपेकडे बघतो. युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात असलेले शास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी पुढे लिहिलं की हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरची झडप लँकेस्टरच्या झडपेपेक्षा दोन इंच रुंद होती आणि पाडलेल्या विमानांतून वाचणाऱ्यांचं प्रमाण लँकेस्टरमध्ये बरंच कमी होतं. त्यांच्या एका सहकाऱ्यानं झडप मोठी करण्यासाठी सतत पाठपुरावा केला. बॉम्बर कमांडच्या विमानांतून उडणाऱ्या सुमारे सव्वा लाख माणसांपैकी ५५,५७३ जण गेले. दोन इंच म्हणजे १/३२ मध्ये दीड मिलिमीटर. लहान मापात हा फरक रंगाच्या थराखाली गडप होतो, या मापात तो पट्टीवर मोजता येतो.

हे ऐकून काही जण विचारतात, मग सुरुवात मोठ्यापासूनच करू का? करा. मोठं म्हणजे अवघड असं नाही. भाग हातात नीट धरता येतात, सांधे घासायला सोपे जातात. दुसऱ्या महायुद्धातलं एक इंजिनाचं विमान घ्या. काचेच्या भागांना सुपर ग्लू लावू नका, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते. तिथे साधा पांढरा गोंद चालतो. तीन चाकांपैकी एक नाकाखाली असलेलं विमान असेल तर धड बंद करण्याआधी नाकात वजन भरा, नाहीतर ते शेपटीवर बसेल. आणि किट घ्यायच्या आधी टेप घेऊन जागा मोजा. लँकेस्टरला ९७ बाय ६६ सेंटिमीटर लागतात, शिवाय पंख उचलून वळवायला चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा.